ती नोंद आहे तशीच राहू दे

प्रिय मनू,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण या विषयावर तुझ्याशी सावकाश बोलायचंय, म्हणून लिहायला बसलो. सेमाडोहच्या पुढच्या त्या सकाळच्या यादीत तू त्या छोट्या घुबडाबद्दल "पिंगळा, कोणता ते ठरवता आलं नाही" असं लिहिलंस. आता तुझी मैत्रीण म्हणते की मेळघाटात रानपिंगळा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आपल्या गाईडदादांनीही तेच नाव घेतलं होतं, मग नोंद बदलून टाक. आणि तू मला विचारतेस, "बाबा, बदलू का?"

नको बदलूस. आहे तशीच राहू दे.

त्या सकाळी आपल्याला नेमकं काय दिसलं ते आधी आठवून बघ. ऊन नुकतंच सागाच्या शेंड्यांवर आलं होतं. पानं अजून पुरती गळली नव्हती, पण बऱ्याच पानांची अळ्यांनी जाळी केली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या. एका वठलेल्या धावड्याच्या टोकाला तो बसला होता आणि सूर्य बरोबर त्याच्या मागे. दुर्बिणीतून आपल्याला मिळाली ती एक काळी आकृती. मोठं गोल डोकं, आखूड शेपूट, शेपटीला मधूनच बसणारा झटका. मग तो खाली झेपावला आणि उतारावरच्या बांबूत दिसेनासा झाला. सगळं मिळून मिनिटभरही नसेल. जिप्सीतले बाकीचे लोक "रानपिंगळा, रानपिंगळा" म्हणत एकमेकांना टाळ्या देऊ लागले. तू मात्र पेन्सिल हातात धरून बसून राहिलीस आणि मग हळूच गाईडदादांना विचारलंस, "डोक्यावर ठिपके होते का हो?" ते म्हणाले, "उन्हामुळे दिसलं नाही, पण पहाटे याच बाजूनं आवाज आला होता." त्यानंतर तू ती ओळ लिहिलीस.

मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला. सगळ्यांसमोर बोललो असतो तर तू अवघडली असतीस, म्हणून गप्प राहिलो. आज कागदावर सांगतो.

तुझा प्रश्न अगदी नेमका होता. त्या जंगलात तीन पिंगळे आहेत आणि तिघं एकाच अंगाचे, पटकन बघणाऱ्याला सारखेच वाटणारे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. तो आपल्या घरामागच्या जुन्या चिंचेवरही राहतो. जंगली पिंगळ्याच्या अंगभर, अगदी माथ्यावरसुद्धा, बारीक आडव्या रेघा. आणि रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, ठिपके असलेच तर फार पुसट. छाती गडद तपकिरी आणि तिच्याखाली पोट स्वच्छ पांढरं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पायांवर दाट पांढरी पिसं, आणि पंजे त्याच्या देहाच्या मानानं दांडगे, कारण पाचोळ्यातले सरडे, सापसुरळ्या, उंदीर धरून खाणारा तो पक्षी आहे. दिवसाउजेडी शिकार करतो. पण दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळाच, असं म्हणता येत नाही. हिवाळ्याच्या सकाळी बाकीचे दोघंही ऊन खात बसतात. शेपटी हलवायची खोड रानपिंगळ्याला आहे हे खरं. त्यावरून शंका घ्यावी, नाव लावू नये. माथा, छाती, पोट यांतलं आपल्याला काहीच दिसलं नव्हतं.

आता तू म्हणशील, एका ओळीसाठी बाबा एवढं का लावून धरतायत. या पक्ष्याचा इतिहास तुला पूर्ण कधी सांगितला नव्हता. तो ऐक, म्हणजे तुझी ती ओळ मला एवढी मोलाची का वाटते ते कळेल.

रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, 1873 साली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. नमुना मिळाला होता पूर्व मध्य भारतातून, ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याकडून, म्हणून पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ब्लुइट आले. त्यानंतर मोजकेच नमुने गोळा झाले. त्यांतले बरेचसे खानदेशातले, शहादा-तळोद्याकडचे, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1880 नंतरच्या काही वर्षांत जमवलेले. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची फक्त सात भरलेली कातडी होती. 1884 नंतर खरा म्हणावा असा एकही नमुना नाही. पक्षी जणू नाहीसाच झाला.

पण एक नोंद मधेच उभी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यानं सांगितलं होतं की 1914 साली तापीकाठच्या मांडवीला त्यानं रानपिंगळा मिळवला. माणूस मोठा. पक्षिशास्त्रात त्याचा दबदबा, स्वतःचा हजारो पक्ष्यांचा संग्रह त्यानं ब्रिटिश संग्रहालयाला दिलेला. अशा माणसानं नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? पुढे ज्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला त्यांत सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखे मोठे पक्षितज्ज्ञ होते. मांडवीची नोंद खरी धरली गेली आणि शोधाची दिशा तिकडेही वळली. पक्षी काही सापडला नाही.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ते जुने नमुने पुन्हा हातात घेतले. माइनर्ट्झहागनच्या संग्रहात घोटाळे आहेत हे तोवर उघड होऊ लागलं होतं. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याचे एक्स-रे काढले गेले, आत काय भरलंय ते तपासलं गेलं. कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं, पण मूळ मांडणीच्या खुणा आत राहून गेल्या होत्या, आणि त्या खुणा डेव्हिडसन यांच्या हाताच्या होत्या. म्हणजे त्यांनी खानदेशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, त्यावर नवी चिठ्ठी लावून, मांडवी आणि 1914 असं खोटं लिहून ठेवलेलं. हा सगळा तपास 1999 साली प्रसिद्ध झाला.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग पुढे आहे. रासमुसेन यांनी ती खोटी नोंद बाजूला काढली आणि ज्या जुन्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, त्यांच्यावर लिहिलेल्या ठिकाणी जायचं ठरवलं. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्याबरोबर त्या भारतात आल्या, आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, मग शहाद्याकडे वळल्या. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, शहाद्याजवळच्या डोंगरातल्या विरळ जंगलात, एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर 113 वर्षांनी.

एका प्रतिष्ठित माणसाच्या खोट्या ओळीनं कित्येक दशकं शोधणाऱ्यांची वाट चुकवली. आणि ज्याचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही, त्या डेव्हिडसनच्या ठिकाण आणि तारीख नीट लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी शंभर वर्षांनंतर लोकांना बरोबर त्या टेकड्यांवर नेऊन सोडलं. तिथे सापडला, मग नेमकं काय बघायचं ते कळलं, आणि मग तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातला खकनार अशा ठिकाणी अभ्यासकांना तो मिळत गेला. 2014 साली तर थेट तानसा अभयारण्यात, मुंबईच्या इतक्या जवळ. म्हणून तर आपल्या सुट्टीत आपण मेळघाटात त्याला शोधू शकलो.

तू म्हणशील, माझी वही कुठे आणि संग्रहालयातली चिठ्ठी कुठे. पण आता वही आणि चिठ्ठी यांत तेवढं अंतर राहिलेलं नाही, मनू. तू यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर टाकतेस. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे. सुमारे 30 हजार पक्षिनिरीक्षकांच्या 3 कोटींहून जास्त नोंदी, आणि त्यांवरून 942 जातींचा आढावा. ते 30 हजार म्हणजे कोण? शिक्षक, बँकेतली माणसं, निवृत्त झालेले, तुझ्यासारखी कॉलेजातली मुलं. तारांवर बसणारा आपला नीलपंख बराच कमी होत चाललाय, हे त्या याद्यांमुळेच आकड्यांत मांडता आलं. कुणा एकाला ते आपल्या डोळ्यांनी कळलं नसतं, कारण त्याच्या गावात एखादा नीलपंख दिसतच असतो.

त्यामुळे दुर्मीळ पक्ष्यांइतकंच मला तुझ्या यादीतल्या नेहमीच्या पक्ष्यांचं कौतुक आहे. टकाचोर, कोतवाल, बुलबुल, सातभाई, सगळे तू मोजून लिहिलेस. कोलकासच्या विश्रामगृहाखाली सिपना नदीच्या दगडांवर शेपटी नाचवत फिरणारे धोबी तू आणि मी दोघांनी वेगवेगळे मोजले आणि आकडा जुळेपर्यंत तू मला हलू दिलं नाहीस. बाकीची मंडळी वाघाच्या ठशांचे फोटो काढत होती. ठसे मलाही बघायचे होते, पण ती पंधरा-वीस मिनिटं मला आयुष्यभर पुरतील.

आणि पक्षी नीट दिसला, तर तू काय करतेस तेही मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी एकदम गलका उठला होता, आठवतं? चष्मेवाले, सुभग, शिंजीर, दोन बुलबुल, आणि सगळ्यांच्या वर बसून ओरडणारा भृंगराज. तू म्हणालीस, "कुणीतरी बसलंय आत." घुबडाला छोटे पक्षी असेच घेरतात, हे तू कधी तरी वाचलं असशील, पण जंगलात उभं राहून नुसत्या आवाजावरून ते ओळखणं वेगळं. आपण तिथेच थांबलो. ऐनाच्या दुफाट्यात, सालीला चिकटून, जंगली पिंगळा बसला होता. छोटे पक्षी त्याच्या डोक्यावरून झेपा घेत होते आणि तो फक्त मान वळवत होता, डोळे अर्धे मिटून. ऊन आपल्या पाठीशी होतं. माथ्यावरच्या रेघा तू एकेक करून काढल्यास, पोटावरच्या वेगळ्या काढल्यास, पंखांवरचा तांबूस रंग शब्दांत लिहिलास आणि खाली तारीख, वेळ, ओढ्याचं नाव. त्या पानाशेजारी आदल्या दिवशीचं पान ठेवून बघ. दोन्ही सारखीच खरी आहेत. एकावर रेघा भरपूर आहेत, दुसऱ्यावर फक्त बाह्यरेषा. आदल्या दिवशीच्या पानावर आता नाव चढवलंस, तर या दुसऱ्या पानावर तरी कुणी विश्वास का ठेवावा?

गाईडदादांबद्दल मात्र एक सांगायला हवं. तुझ्या मैत्रिणीला असं वाटायला नको, की आपण त्यांचं म्हणणं खोटं ठरवतोय. ते कोरकू आहेत, लहानपणापासून त्या डोंगरात फिरलेत, आणि आवाजावरून ओळखण्यात आपण त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. बहुधा तो रानपिंगळाच असेल. पण तो त्यांनी ओळखलेला आहे. तू शेऱ्यात जरूर लिही, "स्थानिक गाईडच्या मते रानपिंगळा, पहाटे त्याच बाजूनं आवाज आल्याचं त्यांनी सांगितलं." त्यांचं ज्ञान त्यांच्या नावावर राहतं आणि तुझं पाहणं तुझ्या नावावर. उद्या कुणी अभ्यासक त्या भागात आला तर त्याला तुझ्या कोऱ्या यादीपेक्षा हा शेरा कितीतरी उपयोगाचा. ईबर्डवर जात न ठरवता नुसतं घुबड म्हणूनही नोंद करता येते, ती सोय याच्यासाठीच आहे.

जिप्सीतल्या एका काकांनी मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावायचं सुचवलं होतं आणि गाईडदादांनी मान हलवून नाही म्हटलं, तेही लक्षात ठेव. हिवाळा हा या पक्ष्यांचा जोड्या जमवण्याचा, घरट्यासाठी ढोली धरण्याचा काळ. मादी अंड्यांवर असते तेव्हा तिला नर आणून भरवतो. आवाज लावला की नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय. शिकार सोडून तो नसलेल्या शत्रूच्या मागे फिरत राहतो. आपल्याला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ जाते. सगळ्या जगात मोजकेच उरलेले पक्षी. 2018 पर्यंत त्यांची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून होत होती, आता एक पायरी खाली संकटग्रस्त म्हणून होते. कधी तू स्वतः दुसऱ्यांना घेऊन जंगलात जाशील. तेव्हा कुणी असं सुचवलं, तर त्यांच्यासारखंच शांतपणे नाही म्हण.

मैत्रिणीवर रागावू नकोस. तिला तुझ्या यादीत ते नाव दिसावं असं मनापासून वाटतंय. तिला सुट्टीत आपल्याबरोबर घेऊन ये. एकदा दुर्बीण हातात घेऊन माथा बघायचा प्रयत्न केला, की तिचं तिलाच कळेल.

पुढच्या वेळचा विचार मी करून ठेवलाय. जानेवारीच्या अखेरीस जाऊ. तोवर साग बराच उघडा पडलेला असतो, त्यामुळे पक्षी लांबूनही दिसतो, आणि पाचोळा वाळल्यामुळे त्यात हलणारी सापसुरळीसुद्धा ऐकू येते. गाईडदादांशी फोनवर बोललो. त्या सकाळी आपण रस्त्यानं पूर्वेकडे चढत होतो, म्हणून सूर्य सतत तोंडावर होता. या खेपेला दुसऱ्या टोकाकडून उतरत यायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहील आणि झाडाच्या शेंड्यावरचं सगळं उजळ दिसेल. गाडी वळवून घ्यायला वरच्या नाक्याची परवानगी लागते, ती काढून ठेवतो म्हणाले. तू एक कर. त्या पानावर आता पेन्सिलनं एक छोटी खूण कर, आणि माथा, छाती, पोट, शेपूट या क्रमानं काय बघायचं ते वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर लिहून ठेव. पक्षी समोर आला की चारही गोष्टी एकदम आठवत नाहीत. माझी दुर्बीण तू घे, मला जुनी पुरते. तुझ्या दुर्बिणीची डावी भिंग सैल झालीये, ती तिकडेच दुरुस्तीला टाक.

परीक्षा कधी संपते आणि मैत्रीण येणार का, दोन्ही या आठवड्यात कळव. सेमाडोहच्या खोल्या लवकर भरतात.

तुझा,
बाबा